देव्हाऱ्यातले गोष्टीचे पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने गोष्टीचे पुस्तक आहे. माझ्या पोटात पुष्कळ गोष्टी आहेत, पण माझी स्वतःची गोष्ट त्यांत नाही. ती मला कधी कोणी विचारली नाही, आणि मला ती नीट सांगता येईल अशी खात्रीही वाटत नाही. दुसऱ्याने छापून दिलेले बोलणे सोपे असते. स्वतःचे सांगणे अवघड. तरी प्रयत्न करतो. काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अहमदनगर शहरातल्या एका लहानशा छापखान्यात झाला. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि कागदाचा तुटवडा होता. माझ्या वाट्याला आला तो गुळाच्या रंगाचा खरखरीत कागद, इतका पातळ की एका बाजूची अक्षरे दुसऱ्या बाजूने डोकावत. चित्रे तर नव्हतीच. पण बांधणाऱ्या म्हाताऱ्याने हयगय केली नाही. जाड दोऱ्याने मला शिवले, खळीत मोरचूद कालवून पुठ्ठा चिकटवला आणि पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "जा. तुला आता कसर लागायची नाही." कसर लागली नाही हे खरे. पण मला दुसरेच काय लागणार होते, ते त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होते!

खर्ड्याच्या किल्ल्याच्या पलीकडे एका लहान गावात मिशनची शाळा होती. तिथले कृपादान मास्तर मला घेऊन गेले. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दिवशी त्यांनी मला उंच धरून मुलांना दाखवले.

"हे बघा, सगळ्यांत मिळून एकच पुस्तक आहे. सुट्टीत याने घरोघर पाहुणे म्हणून जायचे. वाचून झाले की पुढच्याच्या हातात द्यायचे. शाळा उघडली की प्रत्येकाने मला यातली एक गोष्ट तोंडी सांगायची."

"मास्तर, समद्यांनी येकच गोष्ट सांगितली तर?" मागून कोणी तरी विचारले.

"तर मी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकेन. शिक्षा मलाच होईल."

मुले हसली. पहिली पाळी मुक्ताची लागली आणि दुसरी मरियाची. मुक्ता गावातल्या शेतकऱ्याच्या घरची. मरिया ओढ्यापलीकडच्या ख्रिस्ती वस्तीतली. गावातली माणसे त्या वस्तीला आणि ख्रिस्ती मास्तरांनाही शिवत नसत. शाळेत मुले एकाच सतरंजीवर बसत, पण घरी गेल्यावर गावातल्या मुलांना अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. मला हे सगळे नवीन होते. छापखान्यात मी सगळ्यांच्याच हातांतून गेलो होतो.

मुक्ताने मला छातीशी धरून घरी नेले. दारात तिची आई राहीबाई उभी होती.

"त्या मास्तराच्या हातचं हाय न्हवं? ऱ्हाऊ दे वसरीत. आत न्हाई आणायचं."

वसरीतल्या खुंटीखाली, भाकरीच्या रिकाम्या टोपलीशेजारी मला जागा मिळाली. मला वाईट वाटले, पण राग आला नाही. कारण राहीबाईचा चेहरा मी पाहिला होता. त्या चेहऱ्यावर रागापेक्षा काळजी फार होती. मुक्ताचे वडील वारले होते. थोरला भाऊ गोरक्षनाथ पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेला होता, आणि दिवाळीपासून त्याची काही खबर नव्हती.

त्याच दिवशी उन्हे कलताना सहादेव नावाचा एक शिपाई अंगणात आला. गोरक्षनाथाच्याच पलटणीतला, शेजारच्या गावचा, रजेवर आलेला.

"मावशे, पेढं न्हाईत म्हनून गूळ तर गूळ, पन आन कायतरी! तुजा गोरख हाय. शिमग्याच्या सुमाराला म्या सोत्ता बघितला त्याला. तापानं दवाखान्यात पडला हुता, पन हाय!"

राहीबाई आत धावली, गूळ घेऊन आली. रडली, हसली, तिने सहादेवच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मग तिची नजर वसरीभर फिरू लागली. आज घरात नवे काय आले, ते ती शोधत होती. नवी सून किंवा नवा बैल घरात आला, की माणसे त्याचा पायगुण बघतात. त्या दिवशी घरात नवा आलेला फक्त मी होतो.

तिने मला उचलले. जिने मला बाहेर ठेवायला सांगितले होते, तिनेच मला लाल फडक्यात गुंडाळून आत नेले आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवले. हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले. "माज्या लेकराला संबाळ, बाबा. तू घरात हायेस तवर तो हाय."

मित्रांनो, खोटे कशाला सांगू? पहिल्या दिवशी मला बरे वाटले. पण मग रोज तेच होऊ लागले. धुराने माझा श्वास कोंडे. निरांजनातले तेल कडेला पाझरे. नैवेद्याच्या गुळाला तांबड्या मुंग्या येत आणि जाता येता माझ्या पानांतून हिंडत. येणारे-जाणारे मला नमस्कार करत, उघडत मात्र कोणीच नसे. माझ्यातला कोल्हा, माझ्यातला उंट, माझ्यातली बोलकी विहीर, सगळी एकमेकांवर दाटीवाटीने पडून राहिली. आणि मनात एक भीती घर करून बसली. या माउलीने मुलाचा जीव माझ्यावर टाकला होता. मी साधा कागद! मी कोणाला काय सांभाळणार?

मुक्ताची पाळी संपली. मरिया अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"मुक्ते, पुस्तक दे की. माजी पाळी."

राहीबाईच बाहेर आली. "देव कुनी उसना देतं व्हय गं?"

"बाई, देव न्हाई ते. त्यात कोल्ह्याची गोष्ट हाय. मास्तरांनी निम्मी सांगितलीया."

"कोल्ह्यातबी देव असतो. जा तू."

मग कृपादान मास्तर आले. ते भिडस्त गृहस्थ. किती तरी वेळ लिंबाखाली उभे राहून टोपी हातात फिरवत राहिले.

"राहीबाई, पुस्तक मुलांचं आहे. मुलं वाट बघताहेत."

"मास्तर, माज्या लेकराचा जीव हाय त्यात. न्यायचं आसंल तर तुमच्या हातानं उचला."

मास्तरांनी मान खाली घातली आणि ते परत गेले. मुलांनी सगळा राग मुक्तावर काढला. ती पाण्याला निघाली की पोरे ओरडत, "पुजारीनबाई आल्या! आमाला परसाद आना, दोन पानं!" ती घरी येऊन देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांत डोके घालून बसे. मला तिच्याशी बोलावेसे वाटे, पण मिटलेल्या पुस्तकाला तोंड नसते.

एक दिवस ती आईला म्हणाली, "आये, पोथी कदी मुकी ठिवत्यात का? श्रावनात पोथी लावली की रोज अध्याय वाचत्यात. न वाचता ठिवली तर दोष लागतो, तूच म्हनतीस न्हवं?"

राहीबाई दचकली. हे तिला सुचलेच नव्हते. दुसऱ्याच दिवसापासून उन्हे उतरली की वसरीत सडा पडू लागला, पाट मांडला जाऊ लागला आणि माझे वाचन सुरू झाले. गावातली मुले वसरीत दाटून बसत. मरिया मात्र अंगणात, पायरीच्या खाली. राहीबाई हात जोडून कोल्ह्याची गोष्ट ऐके आणि संपली की विचारी, "आता आरती कोनची म्हनायची?" मुले तोंडात पदर, टोप्या कोंबून हसू दाबत.

पण मुक्ताला जोडाक्षरे येत नव्हती. ती अडखळे, ओळ गाळी, एका गोष्टीचे शेपूट दुसरीला जोडी. शेजारची मालनबाई म्हणाली, "चुकीची पोथी वाचली की फळ उलटं मिळतं बरं का, राहीबाई."

राहीबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मग नीट कोनाला वाचता येतं?"

सगळी मुले एकदम पायरीखाली बघू लागली. वर्गात मरिया वाची तेव्हा ती वाचते आहे असे वाटतच नसे. समोर घडलेले सांगते आहे असेच वाटे.

राहीबाईने पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "हात धू. आन् वर ये."

"वर?"

"वर म्हनले न्हवं?"

राहीबाईने मला पाटावर ठेवले आणि दोन पावले मागे सरकली, हाताला हात लागू नये म्हणून. मरियाने मला उघडले. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच मी पुस्तक झालो. उंट चालू लागला. विहीर बोलू लागली. राहीबाईचे जोडलेले हात केव्हा सुटले, तिलाही कळले नाही. कोल्हा रांजणात अडकला तेव्हा तर ती मोठ्याने हसली. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी तरी हसले असावे, कारण मुक्ता माझ्याकडे न बघता आईच्याच तोंडाकडे बघत राहिली. मालनबाई मात्र तोंड फिरवून घरी गेली.

असे काही दिवस गेले. मला वाटले, आता सगळे नीट होईल. मला नेहमी लवकरच बरे वाटू लागते, आणि नेहमीच ते चुकते.

मरिया वाचत होती तेव्हाच सहादेव पुन्हा अंगणात आला. या वेळी तो काही मागत नव्हता. रजा संपवून तो नगरच्या लष्करी छावणीत हजर झाला होता. तिथे मागून आलेल्या सोबत्याने त्याला जे सांगितले, ते सांगायला तो परत आला होता.

"मावशे, गोरख गेला. त्याच तापात. सरकारी कागद यील मागनं."

राहीबाई ओरडली नाही. तिने नुसता खांब धरला. मुक्ताच किंचाळली, आणि ते ऐकून आळीतली माणसे धावत आली. मालनबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिने मरियाकडे बोट केले.

"हिनं बाटवला देव! म्या सांगत हुते. हिनं हात लावला आन् पोरगं गेलं!"

माणसांत कुजबुज झाली. कोणी तरी म्हणाले, "चला, वस्तीवर जाऊन जाब इचारू." मरिया भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने मला छातीशी घट्ट धरले होते. मला ओरडून सांगायचे होते की या पोरीचा काही दोष नाही, माझ्यात कधी देव नव्हताच. पण माझ्यात जे छापले आहे त्यापलीकडे मला एक अक्षर बोलता येत नाही. इतके असहाय मला पुढे कधी वाटले नाही.

राहीबाईने सहादेवकडे बघितले. "कवा?"

"मावशे..."

"कवा, ते सांग."

"गुढीपाडव्याच्या आदल्या दिशी. म्या रजेवर निगालो त्याच्या मागनं लगीच. देवाशपथ, मला ठावं न्हवतं."

राहीबाई मनाशी काही तरी जुळवत होती. मग ती सगळ्यांकडे वळली.

"ऐकलंत? पाडव्याला माजं लेकरू न्हवतंच. ही पोर वैशाखात माज्या वसरीवर चढली. हे पुस्तकबी वैशाखातच आलं." तिचा आवाज फाटला. "म्या रोज दिवा लावत हुते आन् तो न्हवताच. मालन, पोरीवरचं बोट खाली घे. ज्याला वस्तीवर जायचंय, त्यानं पयलं मला जाब इचारावा."

माणसे एकेक करून निघून गेली. मरियाने मला पाटावर ठेवले आणि ती रडत घराकडे पळाली.

घराला सुतक लागले. सुतकात कोणी देव्हाऱ्याला शिवत नाही, म्हणून मी पाटावरच उघडा पडून राहिलो. वाऱ्याने माझी पाने उलटत. ऐकायला कोणी नव्हते.

सुतक फिटल्यावर राहीबाईने मला उचलले. तिने लाल फडके बाजूला टाकले, पदराने मला पुसले आणि मला घेऊन ती चालू लागली. ओढ्यापलीकडे तिने जन्मात पाऊल टाकले नव्हते. तिला बघून मरियाची आई घाबरून बाहेर आली.

"बाई, तुमी? हितं?"

"तुज्या पोरीची पाळी हाय."

मरिया दाराआड होती. पुढे येईना. राहीबाई म्हणाली, "ये गं. म्या काय खानार हाय का तुला?" आणि तिने मला मरियाच्या हातात दिले. या वेळी पाट नव्हता. तिची बोटे मरियाच्या बोटांना लागली आणि तिने ती मागे घेतली नाहीत.

"कुकू लागलंय जरा. निगत न्हाई. वाचून झालं की म्होरच्याला दे. घरात ठिवू नगंस."

एवढे बोलून ती वळली. ती जाताना मी बघत होतो. माझ्या पानापानांत गोष्टी होत्या, पण त्या माउलीला देण्याजोगी एकही नव्हती. ते दुःख अजून माझ्यात आहे.

मित्रांनो, त्यानंतर मी घरोघर गेलो. माझे कोपरे दुमडले, पाने सुटली, एका बाळाने तर माझी अनुक्रमणिका चावून खाल्ली. मी कुरकुर केली नाही. आता मी एका शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. दसऱ्याला माझ्यापुढे उदबत्ती लावतात, पाहुणे आले की लांबून दाखवतात आणि "फार जुने आहे, हात लावू नका," असे सांगतात. मला जपायचे म्हणूनच ते असे करतात हे मला कळते. राहीबाईसुद्धा मला जपतच होती.

पुस्तकाची पाने थुंकी लावून उलटू नका, कोपरे दुमडू नका, वाचता वाचता मला उन्हात विसरू नका, हे तर तुम्हांला गुरुजींनी सांगितलेच असेल. मी एवढेच सांगतो, की मला नमस्कार नको. उद्यापासून तुमची उन्हाळ्याची सुट्टी लागते आहे. कुलपाची किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलाच्या खणात असते. जाऊन मागा. आणि वाचून झाले की मला घरी ठेवून घेऊ नका; ज्याची पाळी असेल त्याच्या हातात द्या, मग तो कोणाच्याही घरचा असो.