तिसऱ्या यंत्राचं बटण

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीबाहेर निम्मा स्टाफ जमला होता. सगळ्या वॉर्डांतले संगणक पुन्हा एकदा एकदम गोठले होते. एकही रिपोर्ट उघडत नव्हता. तेवढ्यात ‘महाराज’ आले. ते खरं तर देखभालीला येणारे तंत्रज्ञ, पण आधीच्या अशाच चमत्कारांमुळे हे नाव त्यांना चिकटलं होतं. शाल सावरून त्यांनी डावा तळवा सर्व्हरच्या कपाटावर ठेवला, डोळे मिटले आणि सांगितलं, की यंत्रालाही जीव असतो, माणसांच्या कटकटीनं तो गुदमरतो. पाच मिनिटांत सगळं सुरू झालं. नर्सनी हात जोडले. मीही जोडले. मी तिथल्या संगणक विभागाचा प्रमुख, शिकलेला इंजिनिअर.

महिन्याभरानं पुन्हा तेच झालं, आणि महाराज रजेवर होते. वर एक पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर होता. त्याला कोणतं औषध चालत नाही, ती नोंद उघडेना. भूलतज्ज्ञांचे फोनवर फोन येत होते. मी म्हणत राहिलो, महाराजांना निरोप धाडलाय, येतीलच. चाळीस मिनिटं गेली. पेशंटची बायको जिन्यात उभी होती.

शेवटी नुकतीच रुजू झालेली प्रोग्रामर पुढे झाली. कपाटामागे हात घालून तिनं चार सर्व्हर यंत्रांपैकी तिसऱ्याचं बटण दाबलं. सगळं सुरू झालं.

“यंत्रांच्या नोंदी बघितल्या नव्हत्या तुम्ही?” तिनं हळूच विचारलं. “प्रत्येक चमत्काराच्या वेळी हेच यंत्र बंद करून चालू केलंय.”

मी बघितल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वीच. बोललो असतो तर आजवर काय करत होतात, असं मलाच विचारलं असतं.

मग तिनं सगळ्यांना समजावलं. चार यंत्रं एकच फाइलसाठा वापरतात, म्हणून फाइलला हात लावण्याआधी तिचं कुलूप, म्हणजे तेवढ्या वेळेपुरता हक्क, घ्यावं लागतं. तिसऱ्या यंत्रावरचं एक काम वाचण्यासाठी कुलूप घेतं. दुसरं यंत्र लिहायला येतं आणि रांगेत थांबतं. तेवढ्यात ते पहिलंच काम तेच कुलूप पुन्हा मागतं, आणि लिहिणाऱ्याच्या मागे रांगेत लागतं. आता दोघं एकमेकांसाठी अडून बसतात. तिसरं यंत्र बंद केलं, की बाकीची यंत्रं त्याची कुलपं सोडवतात.

उपाय साधा होता: मागण्याआधी कुलूप आपल्याकडेच आहे का ते पाहायचं, असेल तर पुन्हा रांगेत जायचं नाही. ही दुरुस्ती प्रणाली बनवणाऱ्या कंपनीकडून वर्षभरापूर्वीच आली होती. ती बसवायची राहिली होती माझ्याकडून. तिनं रविवारी बसवली. त्यानंतर काही गोठलं नाही.

महाराज परतल्यावर खाली मान घालून म्हणाले, “शालीआडून उजव्या हातानं बटण दाबायचो. ते दाबलं की चालतं, एवढंच मला ठाऊक होतं. लोक हात जोडायला लागले, तेव्हा मी डोळे मिटायला लागलो.”

पेशंट वाचला. त्याच्या बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं:

“तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?”

तिच्या या प्रश्नासाठीच हे लिहितोय. बिघाडाला कारण असतं आणि ते शोधता येतं. कळत नसेल तर कळत नाही म्हणा. कळलं असेल, तर लाज वाटली तरी बोला.