खग्रास आणि दाढेचं माप

खग्रास सूर्यग्रहण म्हणजे काय, हे भूगोलाच्या सरांनी अख्खी नोकरी फळ्यावर शिकवलं. चंद्र सूर्यापेक्षा चारशे पट लहान, पण चारशे पट जवळ, म्हणून झाकण बरोब्बर बसतं. नव्याण्णव टक्के झाकला तरी दिवस तो दिवसच. शेवटची कोर गेली की भर दुपारी तारे. तेही जेमतेम दोन मिनिटं. प्रत्यक्ष मात्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. आज ते डोक्यावरूनच जाणार होतं, आणि बायकोने दाताच्या डॉक्टरची वेळ नेमकी आजचीच घेतली.

"आज गर्दी नव्हती," ती म्हणाली. "लोकांना कुठे कुठे जायचं असतं बाई."

डॉक्टर सरांचाच विद्यार्थी, भूगोलात काठावर पास. त्याने जबडा बधिर करून दाढ घासली, टोपीच्या मापासाठी मसाला भरलेला साचा दाढांवर दाबला आणि हनुवटी धरून ठेवली. "घट्ट होईपर्यंत हलायचं नाही सर. माप बिघडेल."

सरांनी खिडकीकडे बोट केलं. खिडकीत शेजारची भिंत होती.

"ग्रहण ना? पेपरात वाचलं मी. अडीच तास आहे. सावकाश बघू."

अडीच तास सगळं मिळून, गाढवा! खग्रास दोनच मिनिटं! सर जीव तोडून म्हणाले, "आं ओं ऊं!"

"दुखतंय?"

"घरीही असंच बोलतात," बायको म्हणाली.

सरांनी दोन बोटं वर केली. डॉक्टरचा चेहरा उजळला.

"दोन नंबर? धरून ठेवा सर. वर्गात तुम्ही मला कधी सोडलं होतंत?"

तेवढ्यात भिंत राखेसारखी झाली, मग निळी, मग दिसेनाशीच. रस्त्यावर आरडाओरडा उठला. बायको काय झालं ते बघायला बाहेर धावली. सर खुर्चीतून अर्धे उठले; डॉक्टरने त्यांना खांद्याला धरून परत बसवलं.

"ढग आलेत नुसते," म्हणाला आणि दिवा आणखी जवळ ओढला. सरांच्या डोळ्यांत लख्ख उजेड पडला.

भिंत पुन्हा भिंत झाली, तशी बायको आत आली. डोळे पाण्याने भरलेले.

"अहो, तो काळा... म्हणजे काळा नाही... भोवती पांढरं..." तिने हात पसरले, मिटले. "मला नाही सांगता येत. तुम्हीच विचारा ना काहीतरी, मग सांगते."

डॉक्टरने साचा ओढून काढला. सरांनी विचारलं.

"काय?" ती म्हणाली.

सरांनी पुन्हा विचारलं. लाळ सदऱ्यावर पडली. डॉक्टर म्हणाला, बधिरपणा संध्याकाळपर्यंत उतरेल.