मापाऱ्यांचं कामाचं टेबल

मापाऱ्यांनी आयुष्यात कुणाला एक ग्रॅम सोडला नाही. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली. दुकानातली मीटरपट्टी टोकाला जरा झिजलेली दिसली तरी जप्त. गल्लीनं त्यांचं नाव मापारी पाडलं आणि त्यांच्या बायकोला, तिला न विचारता, मापारीकाकू करून टाकलं. काकूंची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती स्वयंपाकघरातल्या ओट्याबद्दल.

हा ओटा घराबरोबर आलेला. आधीचा मालक ताडमाड, त्याची बायकोही तशीच असणार. काकू समोर उभ्या राहिल्या की ओटा त्यांच्या कोपराच्याही वर यायचा, आणि कणीक मळायची तर खांदे कानाला लावून मळायची. तीन वर्षांपूर्वी उजवा खांदा दुखायला लागला तो दुखतच राहिला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "गोळ्या मी देतो, पण ओटा खाली उतरवा. नाहीतर हा हात कामातून जाईल."

"निवृत्त झालो की पहिलं काम तुझा ओटा," मापारी म्हणाले. "लाकडाचा. माझ्या हातानं."

आता तुम्हाला वाटेल, माणूस निवृत्त झाला, लाकूड आणलं, ओटा केला, विषय मिटला. असं करणारी माणसं वेगळी असतात हो. ओटा करायचा तर हत्यारं हवीत. हत्यारं ठेवायला कपाटं हवीत. कपाटं करायला टेबल हवं. टेबल ठेवायला मागच्या खोलीची जमीन सपाट हवी. म्हणजे ओट्यासाठी आधी गवंडी बोलवायचा. हे सगळं मापाऱ्यांनी काकूंना कागदावर क्रमांक घालून दाखवलं. ओटा सातवा होता.

गवंडी यायला चार दिवस होते आणि रिकामं बसणं मापाऱ्यांच्या स्वभावात नाही. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे मिस्त्री राहायचे, जन्मभर सुतारकाम केलेले. त्यांनी सांगितलं होतं, हात सरळ खाली सोडा, मनगट येईल ती टेबलाची उंची. मापारी मागच्या खोलीत ताठ उभे राहिले, मनगटाशी भिंतीवर खूण केली, पाणसळ लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाल रेघ ओढली, खाली तारीख घातली, सही केली. साक्षीदार म्हणून काकूंचीही सही घेतली. गॅसवर दूध होतं म्हणून काकूंनी न वाचताच केली.

मग गवंडी आला, त्यानं चांगली चार इंच जाड जमीन घातली आणि पैसे घेऊन गेला. मापारी रेघेबरहुकूम कामाला लागले.

सहा महिने ठोकठोक चालली. टेबल झालं, आणि झालं ते मजबूतच झालं, म्हैस उभी केली तरी हललं नसतं. वरचा काठ लाल रेघेला असा भिडवलेला की मध्ये कागद जाऊ नये. मग कपाटं. चोवीस खण, प्रत्येकावर चिठ्ठी. पाऊण इंची खिळे. एक इंची खिळे. वाकडे खिळे, सरळ होण्याजोगे. वाकडे खिळे, सरळ न होण्याजोगे. एका खणावर ‘अद्याप ठरलेले नाही’ असं लिहिलं होतं आणि तो कुलूपबंद होता.

"आणि ओटा?" काकू विचारायच्या.

"क्रमानं येईल."

ओटा आला नाही, मापाऱ्यांची कंबर मात्र गेली. टेबलाशी उभे राहिले की त्यांना वाकावं लागे, संध्याकाळी सरळ व्हायला दाराची चौकट धरावी लागे. मिस्त्री एकदा बघायला आले, तेव्हा म्हणाले, "साहेब, फार वाकताय."

"वाकत नाही. नवीन आहे, सवय व्हायचीय," मापारी म्हणाले.

घरात गरम पाण्याची पिशवी एकच. काकूंचा खांदा आणि मापाऱ्यांची कंबर यांनी ती वाटून घेतली. साडेआठपर्यंत खांदा, पुढे कंबर.

एका सकाळी काकू स्वयंपाकघरात गेल्या तर ओट्यावर कपाटांची तीन दारं पसरलेली, वरून ताजं व्हार्निश. मागच्या खोलीत भुसा उडतो म्हणून मापाऱ्यांनी ती इथं वाळत घातली होती आणि स्वतः बिजागऱ्या आणायला बाजारात गेले होते. काकूंचं डोकं असं फिरलं की विचारू नका. परात उचलली, पिठाचा डबा उचलला, तरातरा मागच्या खोलीत गेल्या आणि त्या पवित्र टेबलावर धाडकन परात आदळली. म्हटलं, होऊ दे खराब.

कणीक मळायला घेतली. पहिले दोन-चार हात रागारागात गेले. मग काकू थांबल्या. खांदा दुखायची वाट बघितली. दुखला नाही. पुन्हा मळलं, मुद्दाम जोर लावून, सगळा गोळा उलटापालटा करून. खांदा गप्प. हात सरळ खाली सोडून बघितला तर मनगट बरोबर टेबलाच्या काठाशी. काकूंनी रेघेकडे बघितलं, मग पायाखालच्या नव्या जमिनीकडे बघितलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. आधी हसू आलं. मग तीन वर्षांचं रडू आलं, आणि पिठाचे हात म्हणून डोळेही पुसता येईनात.

मापारी आले तेव्हा टेबलावर पीठच पीठ.

"अगं, हे काय मांडलंयस? हे कामाचं टेबल आहे!"

"मग मी काय खेळतेय का? आणि अहो, हे टेबल तुमचं नाहीये."

"म्हणजे?"

"रेघ आधी मारलीत, जमीन नंतर घातलीत."

मापाऱ्यांनी टेप काढली. रेघेपासून जमीन मोजली, स्वतःचं मनगट मोजलं. चार इंचांचा फरक. बत्तीस वर्षं ज्यांनी दुकानदारांची एक सबब ऐकून घेतली नाही, त्यांनी तीन सबबी मनातल्या मनात तयार केल्या, आणि काकूंना त्या तिन्ही चेहऱ्यावर दिसल्या.

"पायांखाली ठोकळे घालतो," शेवटी ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम."

 काकू परातीपासून हलल्या नाहीत. "ठोकळे घातलेत तर मी उद्यापासून पुन्हा त्या ओट्यावर. हे टेबल मला द्या. आज पहिल्यांदा दुखलं नाही हो."

मापाऱ्यांनी टेबलाकडे बघितलं. नोकरीत असताना दर रविवारी त्यांनी या टेबलाचं चित्र काढलं होतं.  मग ते हळूच म्हणाले, "एक कर. मिस्त्रींना सांगू नकोस. तुझ्याच मापानं केलं होतं म्हण."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, जुना ओटा फोडला आणि दोघांनी मिळून टेबल स्वयंपाकघरात बसवलं. मिस्त्री लांबून बघून म्हणाले, "वाहवा साहेब. वहिनींच्या मनगटाला तंतोतंत."

"पहिल्यापासून माझ्यासाठीच चाललं होतं," काकू म्हणाल्या. "मला पत्ता लागू दिला नाही यांनी." खोटं बोलायचं ठरवून बोलल्या, तरी बोलताना ते खरं असतं तर किती बरं झालं असतं असं वाटून त्यांचा आवाज जरा ओला झाला.

तो आवाज मापाऱ्यांना सोसेना. "खोटं आहे ते, मिस्त्री," ते म्हणाले. "माझ्यासाठीच केलं होतं. चार इंच चुकलं. हिच्यासाठी मी सहा महिन्यांत काहीही केलेलं नाही."

मिस्त्री आधी गंभीर होते, मग जमिनीवर बसून हसले. डोळे पुसून म्हणाले, "मग आता तुमचं टेबल कधी करायचं?"

"माझं राहू दे. आधी हिच्या डब्यांच्या फळ्या." मापाऱ्यांनी टेप सहा फुटांपर्यंत ओढून भिंतीला लावली. "अगं, हात वर कर. दुखेल तिथं थांब."

काकूंनी उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. खांद्याच्या उंचीला आला आणि थांबला.

"अजून."

"जात नाही."

"एवढाच जातो?"

"एवढाच."

तीन वर्षं मापारी रोज ‘दुखतंय’ ऐकत होते. त्यांनी टेप हळूहळू आत घेतली आणि काकूंच्या बोटांशी धरली. चार फूट दोन इंच. एखाद्या दुकानदाराचा तराजू खोटा निघू नये असं मनापासून वाटलं की ते दोनदा मोजायचे. तसं त्यांनी पुन्हा मोजलं. चार फूट दोन इंचच आलं.