बासष्ट किलोचा पंखा

थांबा, सांगते, पण मध्ये हसायचं नाही. म्हणजे हसण्यासारखं आहेच, तुमच्या जागी मी असते तर मीच पहिली हसले असते, पण नका हसू.

तर माझा मामा. तलावाकाठी त्याची शेड आहे, छोट्या स्पीडबोटींना मागच्या फळीवर अडकवतात ना त्या मोटारी तो दुरुस्त करून, सेटिंग लावून देतो. फक्त जुन्या. कुणी नवीन आणली की म्हणतो, हिची नाडी कॉम्प्युटरला बघू दे. कव्हर फुटलेली, दोरी ओढून ओढून झिजलेली मोटार आली की स्वारी खूश. आणि सगळं काम कानावर. मोटार चालू करायची, मामा डोळे मिटून मान तिरकी करून उभा राहणार आणि मग म्हणणार, "खालचा सिलिंडर रुसलाय." उघडून बघावं तर खालचाच.

यंदा त्याने स्वतःची बोट तयार केली, तलावावरच्या शर्यतीसाठी. मोटार माझ्यापेक्षा वयाने मोठी, बोट एवढीशी, एक माणूस बसला की भरली. मामाची पाठ गेलेली, डॉक्टरांनी बोटीत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलेलं. म्हणून चालवणार मी. फुकट नाही हं, कित्येक सुट्ट्या त्या शेडमध्ये हात काळे केलेत मी, मला त्या जागेवर बसायचंच होतं. दुसरा उमेदवार मामाचा मुलगा, काडी. त्याला काडी का म्हणतात ते सांगायला नको, आडवा झाला तर दाराखालच्या फटीतून जाईल.

मग एक दिवस शेडमध्ये आम्ही सगळे. मामा, मी, काडी, बोट क्लबची दोन पोरं. मामा भिंतीवर टांगलेले पंखे, मोटारीखाली पाण्यात फिरतात ते, काढून काढून बघत होता. आता हे समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंखा एकदा फिरला की बोट किती पुढे जाणार हे त्याच्या पात्याच्या वळणावर असतं. लांब ढकलणारा पंखा लावला तर वेग मिळतो, पण वजन कमी हवं. वजन जास्त झालं की मोटारीचा जीव जातो, बोट नाक वर करून नुसती पाणी नांगरत बसते. पाण्यावर उठतच नाही. सायकल मोठ्या गिअरमध्ये टाकून चढ चढून बघा, तसं. म्हणून मामा किलोकिलोचा हिशोब करतो. टाकी किती, जॅकेट किती, चालवणारा किती.

"चिमणे, वजन किती गं तुझं?"

पाठमोराच होता. चिमणी म्हणतो तो मला, लहानपणापासून. काडी ओठ दाबून उभा आणि ती क्लबची पोरं माझ्याकडे बघायला लागली, वरून खाली, म्हशीच्या बाजारात आल्यासारखी. माझ्या तोंडातून गेलं, "बासष्ट."

एक्क्याऐंशी आहे.

हसलात ना? जाऊ दे.

बासष्ट मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. नंतर काट्यावर चढणंच सोडलं, तर मेलं ऑफिसच्या तपासणीत चढावं लागलं. तुम्ही म्हणाल, मामाला डोळे नाहीत का? नाहीत. मोटार सोडून त्याने आयुष्यात कशाकडे नीट बघितलेलं नाही. मामीने केस खांद्यापर्यंत कापले तर त्याला दिवाणखान्यात नवीन बाई वाटली. आणि दुसरं म्हणजे, मी आकडा सांगितला की तो खरा असतो हे त्याला माहीत होतं. मोटारीच्या प्लगची, ठिणगी पडते ती फट मी मोजली की तो परत मोजायचा नाही. बाकी सगळ्यांची मोजायचा, काडीची तर दोनदा.

लावला पंखा, बासष्ट किलोचा. पहिल्या रविवारी बोट उठली नाही. मी थ्रॉटल पूर्ण ओढलाय, मोटार रडतेय, बोटीचं नाक आभाळात आणि बाजूने बदकं पुढे गेली. खरंच गेली. काडी धक्क्यावर पोट धरून बसला.

मामा म्हणाला, "कार्बोरेटर." आठवडाभर कार्बोरेटर. मग टायमिंग. मग प्लग. मग नवीन पेट्रोल. मोटार शेडमध्ये पाण्याच्या पिंपात चालवली की अशी गोड वाजायची, आणि बोटीवर मी बसले की परत रडगाणं. प्रत्येक वेळी मी धक्क्याला लागायचे आणि ठरवायचे, आता सांगते. आणि प्रत्येक वेळी तिथे काडी उभा असायचा. सांगितलं की जागा त्याची, एवढंच डोक्यात. मग मामा विचारायचा, "तुला काय वाटतं, चिमणे?" आणि मी, ऐका काय बोलले मी, मी म्हणायचे, "वरच्या सिलिंडरचा आवाज जरा वेगळा येतोय का?"

तो ऐकायचा. बिचारा डोळे मिटून ऐकायचा. जे नव्हतंच ते ऐकायचा प्रयत्न करायचा.

आणि मामी कधीपासून त्याच्या मागे लागलेली, कान तपासून घ्या, दाराची बेल ऐकू येत नाही तुम्हाला. तो म्हणायचा, बेल ऐकून करायचंय काय, येतात ते तुझेच नातेवाईक. पण त्या दिवसांत मी एकदा संध्याकाळी गेले तर स्वयंपाकघरात मामी भिंतीकडे तोंड करून हळूच काहीतरी बोलतेय आणि मामा मागे उभा राहून ते परत म्हणून दाखवतोय. "डबा." "नाही हो, डाव म्हटलं मी." मला बघून मामाने पातेल्यावरचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं. मी पण ना, पाणी प्यायले आणि निघाले.

तरी नाही सांगितलं. बघा तुम्ही.

पुढच्या रविवारी शेडवर गेले तर हत्यारांची पेटी रिकामी. सेटिंगची हत्यारं असतात ना त्याची, फट मोजायच्या पट्ट्या, फ्लायव्हील काढायचा पुलर, टायमिंगचं घड्याळ, काही नाही. मामी म्हणाली, "हे स्वतःच पुलाखालच्याला देऊन आले सकाळी." पुलाखालचा म्हणजे दुसरा मिस्त्री. मामाचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं नातं. मामा त्याच्याबद्दल म्हणायचा, हातोडी सोडून त्याला दुसरं औजार माहीत नाही. त्याला नेऊन दिली.

मामा स्टुलावर बसला होता. काडी होता, क्लबची तीच पोरं होती, दुरुस्तीला टाकलेली त्यांची मोटार परत न्यायला आलेली. मामा त्यांना सांगत होता, "शर्यतीच्या मोटारीत काही नाही. सगळं दोनदा बघितलं. मोटार बरोबर आहे म्हणजे माझा कानच गेलाय. कानाशिवाय मी कशाला लोकांच्या मोटारी बिघडवू?" अगदी साधं बोलत होता, दुकान बंद करायची वेळ झाल्यासारखं.

मी म्हटलं, "मामा, माझं वजन एक्क्याऐंशी आहे."

"काय?"

ऐकूच गेलं नाही त्याला. मी पण अशी पुटपुटले होते. मग मोठ्याने म्हटलं. तो माझ्या ओठांकडे बघतोय. मग काडीच ओरडला, "बाबा, एक्क्याऐंशी. किलो." धक्क्यावर गळ टाकून बसलेले आजोबा पण वळून बघायला लागले.

मामाने भंगार मोजायचा काटा पुढे ओढला. "जॅकेट घाल. बूट राहू देत. चढ." चढले. काटा डुगडुगला, थांबला. मामाने आकडा वाचला, एखाद्या नटबोल्टचं माप वाचावं तसा, आणि भिंतीवरून दुसरा पंखा काढला. मोटार मागच्या फळीवर एक भोक खाली बसवली. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "राहू दे."

बोट उठली. अशी उठली, लोण्यावरून सुरी जावी तशी. इतकी वाट बघितली होती मी त्या क्षणाची आणि माझं लक्षच नाही, मला फक्त परत धक्क्याला जायचं नव्हतं.

गेले. मामा म्हणाला, "शर्यतीला तूच बस. काडी हलका आहे, पण थ्रॉटलशी कुस्ती खेळतो. पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तरी हेच म्हटलं असतं." मग म्हणाला, "हत्यारं घेऊन ये. तूच जा आणि का परत हवीत ते तूच सांग."

पुलाखालच्याकडे ही एवढी गिऱ्हाइकं. सगळ्यांसमोर सांगितलं. वजन, पंखा, सगळं. तो हसेल म्हणून मी खाली बघत उभी. तो हसला नाही. पिशवी भरून दिली आणि म्हणाला, "सकाळी ही फट मोजायची पट्टी तो माझ्या हातात सोडेना. मीच बोटं उघडली त्याची." बस, एवढंच.

परत आले. मामाने हत्यारं एकेक पुसून पेटीत लावली. मग म्हणाला, "शर्यतीआधी प्लग बदल." मी नवे घेतले, फट लावली, त्याच्या हातात दिले. पूर्वी तो न मोजता तसेच मोटारीत बसवायचा.

त्याने पट्टी काढली. उजेडाकडे धरून मोजलं. बरोबर होतं.

मग चष्मा लावून परत मोजलं.