वाल्दी मास्तरांची भिंत

"इटलीच्या कवीवर दहा मिनिटं बोलेल, पण आजोबांशी दोन शब्द नाहीत," सविता पोळी लाटता लाटता पुटपुटली. शारजातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर ते केवढं! फ्रिजपाशी उभ्या नवऱ्याला, भानुदासला, ते ऐकू गेलंच.

हॉलमध्ये त्यांची लेक पर्णिका शाळेच्या प्रेझेंटेशनची तयारी करत होती, अर्थात इंग्रजीत. एत्तोरे वाल्दी हे इटलीतल्या एका डोंगराळ गावचे मास्तर, मुलांसाठी कविता लिहायचे. लहानपणी ते घरच्या बोलीत बोलले की वर्ग हसायचा, गुरुजीही हसायचे. मग त्यांनी वर्षभर तोंडच उघडलं नाही. पुढे स्वतः मास्तर झाल्यावर त्यांनी वर्गाची एक भिंत मुलांच्या चुकांना देऊन टाकली. कोणी चुकीचं बोललं, की तो शब्द भिंतीवर लिहायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याची कविता करायची.

भानुदासने सहज विचारलं, तू आपल्या भिंतीवर कुठला मराठी शब्द लिहिशील?

"नथिंग, डॅड. आय डोन्ट स्पीक इट."

खरं तर दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी कोकणातल्या आजोबांना फोनवर म्हणाली होती, "आबा, मी तुम्हाला खूप चुकवते." तुमची आठवण येते, असं तिला म्हणायचं होतं, 'मिस'चं तिनं आपल्या परीनं मराठी केलं. घर हसून लोटपोट झालं. दुबईला, देऱ्यात, एकांच्या घरी गणपतीला गेले, तेव्हा भानुदासने तिला पाहुण्यांसमोर उभं केलं. परत बोल ना, बेटा. आणखी एकदा. तिचे डोळे भरले तरी सगळ्यांचं हसणं थांबलं नाही. त्या दिवसापासून मराठी खलास.

वाचकहो, मुलांची मराठी गेली म्हणून आपण मंडळात ठराव करतो, शाळेला दोष देतो, कार्टूनला देतो. आपण दात काढले होते, ते कुठल्या ठरावात लिहायचं?

तेवढ्यात आबांचा फोन आला. दर रविवारी ते नातीला विचारत आणि दर रविवारी सविता सांगे, अभ्यास करतेय. अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांचे शब्द उलटसुलट होत, आणि तेही दिवसेंदिवस कमी होत चालले होते. त्यांना मात्र कोणी हसत नसे.

"पर... पर्णिका?"

सविताने ठरलेलं वाक्य सुरू केलं. भानुदासने तिच्या हातातून फोन घेतला. हॉलमधली इंग्रजी थांबली होती.

"आबा, ती इथंच आहे. अभ्यास नाही, काही नाही. लेकरू चुकत चुकत बोलत असताना हसू नये, एवढं साधं मला कळलं नाही. तिची मराठी शाळेनं नाही घालवली, आबा. मी घालवली."