मतदानाची राहिलेली खेप

मी एक जुनी तरीची होडी आहे. तारापूरच्या खाडीत माणसांना या काठावरून त्या काठावर नेणे, हे माझे काम. मित्रांनो, रोज सकाळी हंसाबाई येऊन माझ्यातले साचलेले पाणी डब्याने उपसत असे. एका सकाळी ती आली नाही. तिचा नवरा कमलाकांत एकटाच आला आणि माझ्याजवळ वाळूत बसून राहिला. मागून त्याचा थोरला भाऊ भगवंत आला आणि म्हणाला,

"काल राती तिला आगीन दिली. आता सुतक हाय. तीन दिस होडी पाण्यात घालायची नाय."

तेव्हा मला कळले. साध्या तापाने हंसाबाई गेली होती. साल सदुसष्ट होते, महिना फेब्रुवारीचा, आणि त्याच दिवशी देशाच्या निवडणुकीचे मतदान होते.

मला महादू सुताराने सागाच्या फळ्यांनी बांधले. दरवर्षी मला माशाचे तेल चोपडत. वल्हे कमलाकांतच्या हातात असे. बोलायचे काम हंसाबाईचे.

पलीकडच्या काठावर वारली लोकांची वाडी आहे. मतदान मात्र अलीकडच्या शाळेत होई. मतासाठी होडीचे पैसे परवडत नसत; पायी यायचे तर खाडीला मोठा वळसा पडे आणि मजुरी बुडे. त्या वाडीतली एकही बाई कधी मत द्यायला आली नव्हती. त्या हिवाळ्यात हंसाबाईने हे मनावर घेतले. मी खाडीच्या मध्यावर आले की ती विषय काढी, कारण तिथून उठून कोणाला जाता येत नसे.

"मत दिऊन पोट भरते काय?" वाडीतली नवसी विचारी.

"नाय भरत. आतापातूर दिलं नाय, तवा भरलं काय?"

सगळ्या हसत.

"मंग कोनाला देऊ, ते तरी सांग."

"ते मी नाय सांगनार. तुज्या नवऱ्यानंबी सांगायचं नाय. तुला विचारतात, तं तूच सांग."

शिक्का कसा मारायचा, ते ती माझ्या फळीवर कोळशाने काढून दाखवी. लाडकी सगळ्यांत भित्री. ती म्हणाली, "आमाला आनशील ना?"

"फुकट आनीन. काठावर या आन् हाक मारा मला."

मतदानाच्या त्या सकाळी बायका आल्या. भरती भरली होती. धुतलेली लुगडी नेसून त्या पलीकडे उभ्या राहिल्या आणि हाका मारू लागल्या. "हंसाबाय! ओ हंसाबाय!" त्यांना काहीच माहीत नव्हते.

कमलाकांतने कान झाकून घेतले. ऊन चढले तरी हाका थांबल्या नाहीत. शेवटी तो उठला आणि मला पाण्याकडे ढकलू लागला.

"लोकं काय बोलतील?" भगवंत म्हणाला.

"तिला हाका मारतात, भाऊ. ती नाय, तं मला जायला पायजे."

पलीकडे जाऊन त्याने सांगितले. नवसी होती तिथेच चिखलात बसली. सुतकातल्या होडीत पाय ठेवायला कोणी पुढे येईना. मग नवसीच उठली. "तिनं बोलावलंय. चला," ती म्हणाली. मी भरले. लाडकी आणि आणखी काही जणी दुसऱ्या खेपेसाठी थांबल्या.

पहिल्या खेपेच्या बायकांना शाळेच्या वाटेला लावून आम्ही लगेच परत फिरलो. पण ओहोटी लागली होती. मध्येच पाणी सरले आणि मी गाळात रुतले. कमलाकांतने छातीएवढ्या चिखलात उतरून मला रेटले. मी हलले नाही. पुन्हा पाणी चढले तेव्हा पहिल्या खेपेच्या बायकांची मते झाली होती आणि शाळेला कुलूप लागले होते.

आता कमलाकांत होडी सोडून बोईसरला कामाला जातो. मी काठावर पालथी पडून असते. तेल चोपडायला कोणी येत नाही, माझ्या फळ्या उकलल्या आहेत. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा मतदानाच्या दिवशी सकाळीच निघा. ज्याला वाट लांब पडते, त्याला आधी बरोबर घ्या. आणि जवळ कुठे जुनी होडी असेल तर तिला कोरडी ठेवा.

लाडकीने अजून एकदाही मत दिलेले नाही. कमलाकांतचेही त्या दिवशी राहिले. पलीकडच्या वाडीत अजून मतदान केंद्र झालेले नाही.