धुतलेली अंडी

"अवो, धावा! मारून राह्यला तो तिले!"

बायको बायनाबाईचा आवाज ऐकून मुखरू चष्मा हातात घेऊनच अंगणात आला. बदकाचा नर तांबड्या कोंबडीच्या पाठीवर चढला होता. तिच्या मानेची पिसं त्याच्या चोचीत होती आणि ती मातीत पसरली होती. बायनाबाईने खराटा हाणला तेव्हा तो उतरला, शेपूट हलवली आणि नुसता फुसफुसला. ही जात ओरडत नाही. पांढरं अंग, डोक्यावर काळी टोपी, तोंडाभोवती लाल गाठी. एका नातेवाइकाने ही जोडी सिरोंच्याहून आणून दिली होती. साऱ्या सावली गावात अशी बदकं दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

"मादी गेली तवापासून असाच करते. ही तिसरी कोंबडी," बायनाबाई म्हणाली. "तिचे पिल्लं निघाले असते तं ही पाळीच आली नसती. पर आमच्या घरी अंडे भांड्यावानी धुतेत ना!"

मुखरूने चष्मा पुसायला घेतला.

फाल्गुनात मादीने पहिल्यांदाच अकरा अंडी घातली आणि त्यांच्यावर बसायच्या आधीच कुत्र्यांनी तिला नेलं. घरची एकही कोंबडी तेव्हा अंडी उबवायला खुडूक नव्हती. बायनाबाईचा धाकटा भाऊ दसरू पाहुणा आला होता. त्याच्याकडे एक थोराड कोंबडी खुडूक बसली होती, म्हणून अंडी तो घेऊन गेला. टोपलीत ठेवताना मुखरूला ती चिखलाने माखलेली दिसली. त्याने ती कोमट पाण्याने धुतली, फडक्याने पुसली आणि भाताच्या तणसात नीट लावून दिली.

पंचविसाव्या दिवशी दसरूचा फोन आला. सगळी अंडी सडली होती. कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मुखरूनेच भीत भीत विचारलं, "म्या धुतले होते. त्यानं तं नाई झालं?"

मग दसरू म्हणाला, "त्यानंच झालं असन, भाऊजी."

मुखरूने एकतीस वर्षं वाचनालयात शिपायाची नोकरी केली होती. तिथे पुस्तक सापडेनासं झालं की तो आधी स्वतःचीच पिशवी तपासायचा. बदकांविषयी एका जुन्या पुस्तकात चार पानं होती, पण ती कोणीतरी फाडून नेली होती. ती पानं आपण वेळेवर चिकटवली नसतील, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं. फोननंतर बायनाबाईने त्याला खुराड्याला हात लावू दिला नाही. नळावरच्या बायाही विचारायच्या, "का जी मुखरूभाऊ, अंड्याले साबन कोन्ता लावता?" तो हसायचा. चूक आपलीच, तेव्हा हसण्यावाचून काय करणार!

"याले दसरूकडे नेऊन द्या," बायनाबाई नराकडे बघत म्हणाली. "त्याच्या घरामागं पान्याचा डबरा आहे. माहा भाऊ नाई म्हननार नाई."

"फोन करून पाह्यतो."

"फोन कायले? त्याचं घर का परायं आहे?"

आई गेली तेव्हा दसरू दोन वर्षांचा होता. बायनाबाईनेच त्याला कडेवर वाढवलं. तिच्या लग्नानंतरही कित्येक दिवस तो तिच्याकडेच सावली गावात राहिला होता.

पाय चिंधीने बांधून, मान तेवढी बाहेर ठेवून नराला पोत्यात घातलं आणि मुखरू बसला चामोर्शीच्या गाडीत. कंडक्टरने पोत्याकडे वाकून पाहिलं.

"बुढ्या, हा काऊन बोलत नाई?"

"मुकाच असते तो."

"मंग बसू द्या खिडकीजवळ. बोलनाऱ्यानं डोकं उठवलं आहे माहं."

दसरूचं गाव फाट्यापासून दहा मिनिटांवर होतं. अंगणात त्याची मुलगी संघप्रिया कोंबड्यांना तांदळाच्या कनक्या टाकत होती. मुखरूला पाहून ती हसत पुढे आली.

"जय भीम, मामाजी! आत्या नाई आली?"

मुखरू उत्तर द्यायचं विसरला. कोंबड्यांच्या घोळक्यात पांढरी बदकं फिरत होती. डोक्यावर काळी टोपी. एक त्याच्या पायांपर्यंत आलं, फुसफुसलं आणि शेपूट हलवून परत गेलं.

"मोठे झाले ना?" संघप्रिया म्हणाली. "कोंबडी काई उठली नाई, मामाजी. महिना उलटला तरी बसलीच. या बदकाले जास्त दिवस लागतेत ना, पस्तिसाव्या दिवशी पह्यलं पिल्लू निघालं. बाबा म्हने, मामाजीनं खुशीनं देल्ले सारे."

"किती निघाले?"

"अकराच्या अकरा. एकबी खराब नाई झालं."

मुखरू ओसरीवर बसला. अकराच्या अकरा. आपण काहीच बिघडवलं नव्हतं, हे त्याला एवढ्या उशिरा आणि अशा जागी कळत होतं.

तेवढ्यात दसरू धानाच्या बांदीतून आला. पोतं पाहिलं, मुखरूचा चेहरा पाहिला आणि मुलीला म्हणाला, "चहा ठेव वं." ती आत गेल्यावर तो खाली बसला.

"फोन तं कराचा, भाऊजी."

"सडले म्हनला होतास."

दसरूने पायाचा चिखल नखाने खरवडला. "विसाव्या दिवशी पानी कोमट केलं अन् अंडे सोडून पाह्यले. सारे हालून राह्यले होते, म्हंजे आत जीव होता. जात चांगली होती. तुमच्याकडे कुत्र्यांनीच खाल्ले असते."

"मागतले असते तं म्या देल्ले असते."

"तुमी देल्ले असते. ताईनं नसते देल्ले."

"म्हंजे तूबी पान्यात टाकले," मुखरू सावकाश म्हणाला. "अन् मले सांगतलं का धुतल्यानं सडले."

"म्या कुठी सांगतलं? तुमीच म्हनलं. म्या फक्त हो म्हनलं."

हे खरंच होतं.

"ताईले सांगू नोका, भाऊजी. जलमभर बोलनार नाई ते माह्याशी. दोन माद्या घेऊन जा वाट्टेल तं."

माद्या नेल्या तर त्या कुठून आल्या, हे बायनाबाईला सांगावं लागणार होतं. मुखरूने पोतं उघडून नराच्या पायांची चिंधी सोडली. नर क्षणभर तसाच बसला, मग उठून बदकांकडे गेला. चहा यायच्या आत मुखरू निघाला. दसरू कवाडापर्यंत मागे आला.

फाट्यावर पोचतो तोच फोन वाजला.

"ठेवला ना त्यानं?" बायनाबाईने विचारलं.

"ठेवला."

"पाहा! म्या म्हनलं नव्हतं? काई म्हनला का?"

"तुही आठवन काढली."

"काढनच ना. जेवले का?"

"हो, पोटभर."

"अन् अंड्याची गोष्ट काढली नाई ना त्याच्यापुढं? त्याची कोंबडी फुकट बसली तरी तुमाले एका शब्दानं बोलला नाई तो. माहा भाऊ आहे म्हनून."

"नाई काढली," मुखरू म्हणाला.

सावलीकडची गाडी आली. चालकाने वेग कमी करून त्याच्याकडे पाहिलं. मुखरूने मान हलवून ती जाऊ दिली. पुढची गाडी दीड तासाने होती. तेवढ्यात आपला चेहरा ठिकाणावर येईल, असं त्याला वाटलं. पण खात्री नव्हती.